आंतलें पाणी

नोकरींतून निवृत्त झालेल्या माणसाला समाज जे दोन-चार निरुपद्रवी छंद मोठ्या मनानें माफ करतो, त्यांत कुंड्यांचा छंद मला सर्वांत सोयीचा वाटतो. झाडें उलट उत्तर देत नाहींत, आणि त्यांच्याकडे आपलें दुर्लक्ष झालें तर त्याची वाच्यता चार नातलगांत करीत नाहींत. छत्तीस वर्षें शाळेंत रसायनशास्त्र शिकवून मी घरीं बसलों, तेव्हांपासून पुण्यांतील आमच्या लहानशा गच्चीवर पंचवीस-तीस कुंड्या जमल्या आहेत. त्यांना लागणारी माती, खत वगैरे शिधा मीच बाजारांतून आणतों. आणि किराणा आणण्याच्या कामीं हा उत्साह आपण उभ्या जन्मांत पाहिला नाहीं, ही सौ.ची तक्रारही मुकाट्यानें ऐकून घेतों.

गेल्या ज्येष्ठांत रोपवाटिकेंतून आणलेल्या सामानांत एक पिशवी अशी निघाली कीं, ती उचलतांना माझा हातच फसला. पिशवी उशीएवढी, आणि वजनही जवळजवळ उशीइतकेंच. आंत सोनेरी-तपकिरी रंगाचे, चकचकणारे, भुसभुशीत तुकडे होते. बोटांत धरून दाबले कीं त्यांचे पापुद्रे सुटत. "मातींत मिसळा, पाणी धरून ठेवतं," एवढीच त्यांची ओळख दुकानदारानें करून दिली होती. पिशवीवर नांव होतें व्हर्मिक्युलाइट. हें एका खनिजाचें नांव आहे इतकें मला ठाऊक होतें. पण दगडाच्या जातींत जन्मून कापसाचें वजन यानें कोठून आणलें, हें कांहीं उमगेना.

शाळेंतील परीक्षानळ्या फोडण्यांत ज्याचा हातखंडा होता, असा माझा एक विद्यार्थी पुढें भूगर्भशास्त्रज्ञ झाला आहे. तो एकदां सहज भेटीस आला असतां मीं ती पिशवी त्याच्यापुढें ठेवली. तो हंसून म्हणाला, "सर, ही झाली लाही. तुम्ही अजून ज्वारी पाहिलीच नाहीं." आषाढांत त्याच्याकडून टपालानें एक पुडी आली. तमिळनाडूंतील सेवत्तूर येथें मिळणारें हें खनिज जमिनींतून निघतें तशा, न तापविलेल्या स्वरूपांत तींत होतें. सोबत चिठ्ठी होती : 'नमुना तपासलेला आहे, निर्धास्त असावें.' निर्धास्त कशाविषयीं असावें, हें मला त्या वेळीं कळलें नाहीं. तें पुढें कळलें.

पुडींतील चकत्या दिसायला अगदीं सामान्य होत्या. काळसर तपकिरी, नखाएवढ्या, अभ्रकासारख्या चकाकणाऱ्या, पण अभ्रकाचा ताठा नसलेल्या. आठवींत असलेली माझी नात शाळेंतून आली होती. तिला जरा दूर उभें करून मीं त्यांतील एक चकती चिमट्यांत धरली आणि गॅसच्या मोठ्या ज्योतींत नेली. दोन-तीन क्षण कांहींच झालें नाहीं. मग ती चकती एकाएकीं उघडूं लागली. बाजाच्या पेटीचा भाता कोणीं ओढावा तशी ती लांबत गेली. जाडी अर्धा मिलिमीटर असेल नसेल. पाहतां पाहतां ती सेंटिमीटरभर लांब झाली, वळली, वांकडी झाली, आणि काळ्या रंगाच्या जागीं सोनेरी रंग चढला.

"आजोबा, अळी!" नात ओरडली आणि दोन पावलें मागें सरली.

तिच्या या उद्गारानें तिनें नकळत दोनशें वर्षांपूर्वींच्या एका गृहस्थाशीं संवाद साधला होता. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्समध्यें सांपडलेल्या या खनिजाचा तुकडा थॉमस वेब यानें तापवून पाहिला, तेव्हां त्यालाही त्यांतून किडे वळवळत बाहेर येत असल्याचा भास झाला. आणि १८२४ सालीं त्यानें लॅटिन भाषेंतील कृमिवाचक शब्दावरून त्याचें नांव व्हर्मिक्युलाइट असें ठेवलें. शास्त्रांतील पुष्कळशीं नांवें मोठ्या माणसांच्या स्मरणार्थ ठेवलेलीं असतात. हें नांव मात्र एका दचकण्याचें स्मारक आहे.

हें असें कां होतें, तें नातीला समजावून सांगण्यासाठीं मला फळा लागला नाहीं. सौ. त्याच वेळीं शेजारच्या शेगडीवर फुलके करीत होती. फुलक्याचे दोन पदर असतात. मधल्या ओलाव्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ती पदरांना दूर लोटते. व्हर्मिक्युलाइटचेंही तसेंच आहे, फक्त येथें पदर दोन नसून लक्षावधि असतात. त्यांतील प्रत्येक थर सिलिकाच्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्यें मुख्यतः मॅग्नेशियमची एक जाळी, असा तिपेडी असतो. अशा दोन थरांच्या मधोमध पाण्याचे रेणू दोन ओळींत बसलेले असतात, आणि त्यांना धरून ठेवणारे मॅग्नेशियमचे विद्युद्भारित कण त्यांच्यांत विखुरलेले असतात. एक थर आणि त्याच्या वरचें पाणी मिळून जाडी भरते सुमारें साडेचौदा अँग्स्ट्रॉम. आणि एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक अँग्स्ट्रॉम. मिलिमीटरभर जाडीच्या चकतींत असे सुमारें सात लक्ष थर असतात, आणि प्रत्येकाच्या मध्यें ही पाण्याची घडी असते. हाताला अगदीं कोरडा लागणारा हा दगड आंतून असा ओला असतो.

पाण्याची वाफ झाली म्हणजे साध्या हवेच्या दाबाखालीं ती मूळच्या पाण्याहून सुमारें सोळाशें ते सतराशें पट जागा मागते. चकती एकदम प्रखर ज्योतींत गेली कीं हें सर्व पाणी एकाच क्षणीं ही मागणी करतें. चकतीच्या मधल्या भागापासून कडेपर्यंतची वाट लांब आणि अरुंद. तिथवर पोहोंचण्याची फुरसत वाफेला नसते. मग ती थरांनाच उचलते. म्हणून हें खनिज लांबी-रुंदींत वाढत नाहीं, फक्त जाडींत वाढतें. कारखान्यांत या चकत्या हजार अंशांच्या आसपास तापलेल्या उभ्या भट्टींतून खालीं सोडतात. त्या भट्टींत अवघे कांहीं सेकंद असतात, आणि तेवढ्यांत आठपट, वीसपट, कधीं तीसपटही फुगून बाहेर पडतात. त्यांचें वजन मात्र वाढत नाहीं. उलट, गेलेल्या पाण्याइतकें तें घटतें. जें वाढलेलें दिसतें तें केवळ रिकामेपण असतें.

आणखी एक गोष्ट मला वाचतांना मोठी मौजेची वाटली. शुद्ध व्हर्मिक्युलाइटपेक्षां, ज्याच्या थरांत मधून मधून अभ्रकाचे पाणी नसलेले थर मिसळलेले असतात, असें संमिश्र खनिजच अधिक जोरानें फुगतें. हे कोरडे थर वाफेची वाट अडवितात, म्हणून तिचा आवेग वाढतो. उलट, तेंच खनिज बारीक कुटून तापविलें तर फारसें फुगत नाहीं. कारण लहान कणाच्या कोठल्याही भागापासून कड जवळच असते. स्फोट व्हायला पाणी लागतें आणि उष्णता लागते, हें खरेंच. परंतु त्याहून अधिक लागतो तो अडथळा.

अभ्रक आणि अग्नि यांचा संबंध आमच्या घराण्याला नवा नव्हता. माझे आजोबा वैद्य होते. रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत, रसरत्नसमुच्चयांत, अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि ते ओळखण्याची कसोटी एकच : विस्तवांत घालून पाहणें. ज्याचे पदर आगींत सुटे होतात तो पिनाक. जो सापासारखा फूत्कार टाकतो तो नाग. जो बेडकासारखा उड्या मारतो तो मंडूक. आणि विस्तवांत ज्याच्यांत कांहींच विकार होत नाहीं तो वज्र. औषधाला घ्यावयाचा तो फक्त वज्राभ्रक. त्यांतला पिनाक म्हणजे आजचें व्हर्मिक्युलाइटच, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं; पण आगींत कोण कसा वागतो यावरून त्याची जात ठरविणाऱ्या त्या जुन्या रसवैद्यांची नजर पाहून आजही कौतुक वाटतें.

आजोबा हीच कसोटी घरांतल्या मुलांनाही लावीत. माझ्याहून सहा वर्षांनीं मोठा असलेला दादा, त्याला ते वज्र म्हणत. मी मंडूक. मला रागावलें कीं मी आदळआपट करीत असें, पाटावरून उठून जात असें, आणि अर्ध्या तासानें लाडू मागायला परत येत असें. दादाला रागावलें तर तो मान खालीं घालून उभा राही आणि मग अभ्यासाला बसे. "याला कांहीं लागत नाहीं," असें आजोबा अभिमानानें म्हणत. हें वाक्य मीं इतक्या लहानपणीं ऐकलें कीं, पुढें साठ वर्षें तें तपासून पाहावें असें मला वाटलेंच नाहीं.

आतां जें सांगावयाचें आहे तें सांगण्यासाठींच खरें म्हणजे हा लेख लिहावयास घेतला. पण तेथवर येण्यास मीं पुष्कळ वळणें घेतलीं, हें चतुर वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आमची आई तीन वर्षें अंथरुणावर होती, आणि ती माझ्याकडे होती. दादा नागपूरला नोकरीनिमित्त स्थायिक झालेला. आई गेली तेव्हां तो दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पोहोंचला. तेराव्याची जेवणें झाल्यावर, पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर, आईची पेटी उघडली. पेटींत तिचीं दोन लुगडीं, एक पोथी आणि माहेराहून आणलेली पितळी समई एवढाच ऐवज होता. दादा म्हणाला, "समई मी नागपूरला नेतों. तिच्या माहेरची आहे." एवढेंच तो बोलला, आणि तेंही हळू आवाजांत. तीन वर्षांचीं जागरणें, औषधांच्या वेळा, रजेसाठीं केलेल्या विनवण्या, हें सगळें माझ्यांत कोठें सांठलें होतें कोण जाणे. त्याची एका क्षणांत वाफ झाली. मी म्हणालों, "आई तीन वर्षं पडून होती, तेव्हां तूं कुठं होतास? समई न्यायला मात्र बरोबर आलास!"

दादानें समई खालीं ठेवली. तो कांहींच बोलला नाहीं. रात्रीच्या गाडीनें तो नागपूरला गेला.

नंतर आमचें भांडण असें कधींच झालें नाहीं. लग्नकार्यांची कुंकू लावलेली पत्रें येत-जात राहिलीं. पहिल्या वर्षीं दिवाळीला त्याचें दोन पानांचें पत्र आलें. पुढच्या वर्षीं तें एका पानाचें झालें, मग कार्डावरच्या चार ओळी, मग मुलाकरवीं फोनवर निरोप, आणि मग तोही नाहीं. मी मनाशीं म्हणत असें : दादा तसाच आहे. वज्र. त्याला कांहीं लागत नाहीं. माझा राग मात्र खरा होता, म्हणूनच तो भडकला आणि निघून गेला. भडकणारीं माणसें मनानें स्वच्छ असतात, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. भडकणाऱ्यांनींच तो रूढ केला असावा.

तर त्या आषाढांतल्या संध्याकाळीं ती सोनेरी अळी बशींत ठेवून आम्ही दोघें पाहत बसलों होतों. नातीनें विचारलें, "आजोबा, आणि हळू तापवलं तर?"

शिक्षकाला विद्यार्थ्यानें विचारलेल्या ज्या प्रश्नांचें उत्तर ठाऊक नसतें, त्यांना तो "करून पाहूं या" म्हणतो. आम्हीं दहा-बारा चकत्या लोखंडी तव्यावर पसरल्या, आणि तवा अगदीं मंद आंचेवर ठेवून दिला. दीड तास आम्हीं आंच थोडी-थोडीच वाढवीत नेली. चकत्या हलल्या नाहींत, फुगल्या नाहींत, वळल्या नाहींत. रंग किंचित् फिका झाला असेल तर असेल. "यांना कांहींच झालं नाहीं," नात निराश होऊन म्हणाली. मग मीं त्यांतल्या दोन चकत्या तव्यावरून थेट चिमट्यानें उचलून मोठ्या ज्योतींत धरल्या. त्या फारशा फुगल्याच नाहींत. कडेनें जरा उकलल्यासारख्या झाल्या, एवढेंच.

त्यांच्यांत फुगायला कांहीं उरलेंच नव्हतें. मंद आंचेवर पाण्याला कडेपर्यंत चालत जायला वेळ मिळाला होता. तें थरांना न दुखवितां, आवाज न करतां, थोडें-थोडें निघून गेलें होतें. हें कसें घडतें, तें क्ष-किरणांच्या साहाय्यानें शास्त्रज्ञांनीं मोजून ठेवलें आहे. पाण्याच्या दोन ओळींपैकीं एक गेली कीं साडेचौदा अँग्स्ट्रॉमचें अंतर साडेअकराच्या जवळपास येतें. दुसरीही गेली कीं तें नवावर येतें. म्हणजे तेंच खनिज, तेंच पाणी. झटकन् तापविलें तर वीसपट फुगतें, आणि हळूहळू तापविलें तर उलट आंकसतें. डोळ्यांना दिसतें तें एवढेंच कीं, एकांत मोठा बदल झाला आणि दुसऱ्यांत कांहीं झालें नाहीं. खरें पाहतां दोघांनींही गमावलेलें पाणी सारखेंच असतें.

मी तव्यावरच्या त्या निर्विकार दिसणाऱ्या चकत्यांकडे बराच वेळ पाहत राहिलों. विस्तवांत ज्याच्यांत फरक पडत नाहीं तो वज्र, हें खरें. पण फरक न दिसण्याचें दुसरेंही एक कारण असूं शकतें, हें आजोबांनीं मला सांगितलें नव्हतें. दोन पानांचें पत्र, मग एका पानाचें, मग चार ओळी. मंद आंचेवर एकेक ओळ निघून जात होती, आणि मी पुण्यांत बसून म्हणत होतों, याला कांहीं लागत नाहीं!

त्यानंतर आठ-पंधरा दिवस या खनिजाविषयीं मिळेल तें मी वाचीत होतों, आणि त्या वाचनांतच 'निर्धास्त असावें' या शब्दांचा अर्थ मला लागला. अमेरिकेंतील माँटाना राज्यांत लिबी नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील डोंगरांतला दगड उष्णतेनें फुगतो, हें हेरून एडवर्ड ॲली या गृहस्थानें १९२० नंतरच्या दशकांत त्याचा धंदा उभारला. एके काळीं जगाला लागणाऱ्या व्हर्मिक्युलाइटचा फार मोठा हिस्सा या एका खाणींतून येत असे. घरें उबदार राहावीं म्हणून अमेरिकेंतील असंख्य घरांच्या माळ्यांवर हे सोनेरी तुकडे ओतले गेले. परंतु त्या डोंगरांत व्हर्मिक्युलाइटच्या सोबतीला ॲस्बेस्टॉसच्या जातीचें एक तंतुमय खनिज होतें. दगड फुगवितांना, भरतांना, वाहतांना त्याचे अदृश्य तंतु धुळींत मिसळत. श्वासावाटे छातींत गेलेला तंतु तेथेंच रुतून बसतो, आणि त्याचा रोग दहा, वीस, कधीं चाळीस वर्षांनीं उमटतो. खाण १९९० सालीं बंद झाली. सरकारी चौकशीला १९९९ सालीं आरंभ झाला, आणि २००९ सालीं त्या गांवासाठीं सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी पुकारावी लागली. तोंवर शेंकडों माणसें दगावलीं होतीं. त्यांत खाणींत कधीं पाऊलही न टाकलेल्या, केवळ नवऱ्याचे धुळीचे कपडे धुणाऱ्या बायकाही होत्या.

सर्वच खाणींतला माल असा नसतो, आणि आतां तो तपासला जातो. माझ्या विद्यार्थ्यानें तर चिमूटभर नमुनाही तपासून पाठविला. दोष फुगण्याचाही नव्हता. वाफ निघून गेली, तिनें कोणाचेंच वाईट केलें नाहीं. वाईट केलें तें वाफेबरोबर जें उडालें त्यानें.

हें वाचतांना मीं पुस्तक मिटून ठेवलें; कारण तेराव्याच्या दिवशींचें माझें वाक्य मला पुन्हां ऐकूं आलें, आणि या वेळीं त्यांतली वाफ आणि तंतु वेगवेगळे ऐकूं आले. थकलेला माणूस चिडला, ही वाफ. पण "तूं कुठं होतास?" हा प्रश्न खोटा होता. दादा कोठें होता, तें मला पक्कें ठाऊक होतें. दर महिन्याच्या पांच तारखेच्या आंत त्याचे पैसे येत. आईची औषधें, रात्रीच्या बाईचा पगार, शेवटच्या वर्षींची पाण्याची गादी, हें सर्व त्या पैशांतून झालें. आणि त्या तीन वर्षांत त्यानें स्वतःच्या घराचें बांधकाम अर्ध्यावर थांबविलें होतें. हें मला ठाऊक असून, पाहुण्यांपैकीं दोघे-तिघे अजून ओसरीवर बसलेले असतांना, मीं तो प्रश्न विचारला. माझी वाफ त्याच रात्रीं विरली. मी शांत झोंपलों असेन. तो तंतु मात्र नागपूरला गेला.

नातीच्या प्रयोगाचा शेवट अजून व्हायचा होता. तव्यावर तापविलेल्या उरलेल्या सात-आठ चकत्या तिनें एका बशींत घालून स्वयंपाकघराच्या खिडकींत ठेवून दिल्या होत्या. श्रावण लागला. पुण्याचा श्रावण, दिवसांतून दहा वेळां सर येते, पापड सादळतात, मीठ ओलें होतें. एके दिवशीं शाळेला सुट्टी होती म्हणून तिला त्या चकत्यांची आठवण झाली. "आजोबा, ह्या आतां टाकून द्यायच्या कीं पुन्हां जाळायच्या?" मीं सहज एक उचलून ज्योतींत धरली.

ती उघडली. पहिल्या दिवशींच्या चकतीसारखीच भाता ओढल्यागत लांबत गेली आणि सोनेरी झाली. आम्हीं दुसरी धरली; तीही फुगली.

याचेंही उत्तर शास्त्रांत आहे. सुमारें पांचशें अंशांपर्यंत तापवून ज्याचें पाणी घालविलें, तें व्हर्मिक्युलाइट थंड झाल्यावर हवेंतला ओलावा पुन्हां आंत घेतें. मिटलेले थर पुन्हां दूर सरतात आणि पाण्याच्या ओळी आपापल्या जागीं येऊन बसतात. सातशें अंशांच्या पलीकडे मात्र तें होत नाहीं. थर कायमचे मिटतात. त्याहूनही वर गेलें तर जाळीच्या घडणींतच जो हायड्रोजन आणि ऑक्सिजन गुंफलेला असतो, तोही पाणी होऊन निघून जातो. मग तें खनिज तें खनिजच राहत नाहीं, त्याचें एन्स्टॅटाइटसारखें निराळेंच खनिज बनतें. एक पाणी थरांच्या मधलें, तें परत येऊं शकतें. दुसरें हाडांतलें, तें गेलें कीं गेलें. आणि जो तुकडा एकदां फुगला, त्यानें पुढें कितीही पाणी प्यायलें तरी त्याची मूळची घट्ट चकती पुन्हां होत नाहीं. कुंडींत पाणी धरून ठेवण्याच्या उपयोगाला तो येतो, हीच त्याची सद्गति.

बशींतल्या उरलेल्या चकत्या मीं नातीला जाळूं दिल्या नाहींत. त्या खिडकींत तशाच राहूं दिल्या.

दादा आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याची आंच कोणत्या अंशापर्यंत चढली होती, हें मोजण्याचें यंत्र माझ्यापाशीं नव्हतें. आणि मोजून झाल्याशिवाय पाऊल उचलूं नये, ही चैन माझ्या वयाला शोभणारी नव्हती. दोन दिवस मी पत्र लिहीत होतों आणि फाडीत होतों. तिसऱ्या दिवशीं दुपारीं, घरांत कोणी नसतांना, मीं फोन केला. फोन त्यानेंच घेतला. माझा आवाज ओळखून तो म्हणाला, "हं. बोल. सगळं ठीक आहे ना?" आमच्या वयाला अवेळीं आलेल्या फोनचा अर्थ बहुधा एकच असतो.

मीं म्हटलें, "दादा, सगळे बरे आहेत. आईच्या तेराव्याला मी जें बोललों, तें खोटं होतं. तूं पैसे पाठवत होतास, घराचं काम थांबवलं होतंस, हें मला तेव्हां ठाऊक होतं. ठाऊक असून बोललों."

पलीकडे इतका वेळ शांतता होती कीं, फोन तुटला असें मला वाटलें. मग तो म्हणाला, "मला नाहीं बाबा कांहीं आठवत." आणि जरा थांबून, "चौदा वर्षं होतील आतां, भाद्रपद शुद्ध पंचमीला."

तिथि आईची नव्हती. आई श्रावणाच्या शेवटीं गेली. तिथि त्या तेराव्याच्या दिवसाची होती.

त्यानंतर त्यानें विचारलें, पुण्याला पाऊस कसा आहे. गुडघ्यांना मी काय लावतों. नात कितवींत आहे. पंधरा मिनिटें आम्ही बोलत होतों. त्यांत ठेवण्यासारखें एकही वाक्य नव्हतें. फोन ठेवण्यापूर्वीं मीं त्याला सांगितलें कीं, दिवाळीला मी नागपूरला येणार आहें. तो म्हणाला, "ये. थंडी असते, स्वेटर आण."

काल सौ.नें माळ्यावरून आईची समई खालीं काढली आणि चिंच लावून घासली. चौदा वर्षांचें काळें एका दिवसांत निघालें नाहीं. आज पुन्हां घासणार आहे.